हिंगोलीत, रिंगखाली!

हिंगोली म्हटलं की ऑफिसमधले निम्मे लोक विचारतात, 'म्हणजे नांदेडच्या बाजूला ना?' बरोबर! १ मे १९९९ला परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा. वसमतची हळद, दसऱ्याचं प्रदर्शन आणि संत नामदेवांचं नरसी, इथपर्यंत आपलं जनरल नॉलेज पोहोचतं. मी मात्र तिथे गेले ती चक्क बास्केटबॉल बघायला. तेही कॉलेजच्या पोरांचं.

पहाटे उठून एनबीए बघणाऱ्यांनो, अपेक्षा जरा बाजूला ठेवा. लाकडी फ्लोअर नाही, एसी तर नाहीच. उघडं मैदान, फक्कीनं आखलेल्या रेषा आणि ३.०५ मीटर उंचीवर रिंग. तिला जाळी असेल तर नशीब! मैदानावर बारीक खडी असली की चेंडू उसळतो भलतीकडेच. म्हणून ही पोरं ड्रिबल कमी करतात आणि पास जास्त. कोचिंगच्या पुस्तकात जे टीमवर्क म्हणून शिकवतात, ते इथे खडीनं शिकवलंय. पाय मात्र खो-खोचे. डिफेन्सला अशी चपळ वळतात की बघत राहावं. हाफ टाइमनंतर बाजू बदलतात आणि मावळतीचं ऊन दुसऱ्या टीमच्या डोळ्यांत जातं. कडेला सायकली लावून उभं असलेलं पब्लिक मग आणखीच चेकाळतं, 'मार की बे!'

आता यातली खरी गंमत. अमेरिकेत कॉलेजची टीम आपल्या कॉन्फरन्सची टूर्नामेंट जिंकली, की तीच टीम राष्ट्रीय स्पर्धेत जाते. आपल्याकडे तसं नाही. हिंगोलीची कॉलेजं येतात नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाखाली. १९९४ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली असे चार जिल्हे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून चांगले खेळाडू हेरायचे, त्यांची निवड करायची, शिबिर घ्यायचं आणि १२ जणांचा विद्यापीठ संघ पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला पाठवायचा. तिथे गाठ महाराष्ट्रातल्याच नाही, तर गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश आणि गोव्याच्याही विद्यापीठांशी.

म्हणजे बघा, तुम्ही फायनल जिंकलात तरी तुमची टीम तिथेच संपते. ज्याच्या पासवर तीन वर्षं लेअप मारला, तो मित्र घरी आणि तुम्ही शिबिराला. किंवा उलटं. त्यामुळे शेवटच्या वर्षाच्या पोरांचा खेळ बघताना पोटात गोळा येतो. सिलेक्टर बघतायत हे माहीत असतं. आपण शूट करावं की रिकाम्या मित्राला पास द्यावा? कॉलेजला हवा असतो पास आणि करिअरला हवा असतो बास्केट!

करिअर हा शब्द उगीच नाही वापरला. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण नुसतं 'खेळलो' म्हणून ते मिळत नाही. ठरावीक स्पर्धांतली कामगिरी लागते. आपल्या सीव्हीत 'हॉबीज'च्या खाली बास्केटबॉल असतो. इथे तो भरतीच्या फॉर्मवर चढेल का, याचा हिशेब घरात मांडला जातो. माझ्या शेजारी बसलेल्या एका खेळाडूचं म्हणणं साधं होतं. टीममधले दोघं जरी पुढे गेले तरी लई झालं.

जायचं असेल तर सोपं आहे. २०२४मध्ये मुंबईची जनशताब्दी जालन्याहून पुढे थेट हिंगोलीपर्यंत वाढवली. स्टेशनचं नाव 'हिंगोली डेक्कन', काय रुबाब! मॅचेस बहुतेक दुपारी उरकतात, मग एसटीनं औंढा नागनाथ गाठा, पंचवीसेक किलोमीटर. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरलं अशी कथा आहे, आणि तिथे नंदी खरंच देवळाच्या मागे आहे. पावसाळा संपता संपता गेलात तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कमरेइतकी हळद उभी असते.

फायनल संपली तेव्हा अंधार पडायला आला होता. जिंकलेल्यांनी उड्या मारल्या, फोटो काढले. मग सगळे, हरलेलेसुद्धा, टेबलाभोवती गोळा झाले. सर चष्मा पुसून हातातल्या कागदावरची नावं वाचायला लागले होते.