‘स्वेटर’ शब्दाची ऊब

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २५०० फूट उंचीवर वसले आहे. मार्गशीर्ष-पौषातील पहाटेचा गारठा आम्हां सीमावासीयांना नवा नाही. आमच्या बालपणी दिवाळी सरली की आई ट्रंकेतील स्वेटर काढून उन्हात टाकीत असे. त्यांना येणारा डांबराच्या गोळ्यांचा वास हीच आमच्या लेखी थंडीची वर्दी होती.

हा शब्द इंग्रजीतून आला. ‘स्वेट’ म्हणजे घाम. एकोणिसाव्या शतकात वजन उतरवण्यासाठी खेळाडू घाम आणणारे जाड लोकरी कपडे घालीत, त्यावरून हे नाव पडले. संस्कृत ‘स्वेद’ आणि इंग्रजी ‘स्वेट’ ही एकाच प्राचीन धातूची अपत्ये. म्हणजे पाहुणा दूरचा असला तरी भाऊबंदच निघाला! मराठीत मात्र घामाचा अर्थ गळून पडला आणि ऊब तेवढी उरली.

मराठीने त्याला पुल्लिंग दिले, विभक्तिप्रत्यय लावले: स्वेटरला, स्वेटरचा, स्वेटरच्या बाह्या. एक स्वेटर, दोन स्वेटर. अनेकवचनासाठी इंग्रजी प्रत्यय लागला नाही. आई तो विणीत असे. सुलट-उलट टाके घाली. टाका सुटला की ओळ उसवी. आम्ही वाढलो की जुना स्वेटर उसवून त्याच लोकरीचा धाकट्यासाठी नवा होई. नाम तेवढे उसने होते, क्रियापदे सारी घरची होती. म्हणून परक्या नामांविषयी आम्ही कधी फारसा वाद घातला नाही. आमचे कन्नड शेजारीही ‘स्वेटर’च म्हणतात.

गेल्या हिवाळ्यात मात्र नातवाच्या तोंडून ‘स्वेटर वेअर केला’ असे ऐकले आणि आम्ही चरकलो. ‘घातला’ हा शब्द त्याला ठाऊक होता. पण ओठांवर आला नाही. पाट्यांवरील आणि कागदपत्रांवरील मराठीसाठी आम्ही आयुष्यभर निवेदने दिली. घरातील क्रियापदांकडे पाहायचे राहून गेले.

त्याला आम्ही रागावलो नाही. आईच्या सुया शोधून काढल्या आणि त्याला जवळ बसवले. तिने शिकवलेले टाके हातांना अजून आठवत होते. ‘टाका घाल, लोकर ओढ, आता सोड,’ असे सांगत वेड्यावाकड्या चार ओळी झाल्या. त्याने त्या स्वतःच उसवल्या आणि विचारले, “आजोबा, पुन्हा विणू?”