राखीव बियाणे

पीक घरी आले म्हणून शेतकरी सारे धान्य खाऊन वा विकून संपवीत नाही. पुढील पेरणीचे बियाणे तो वेगळे राखून ठेवतो. हे शहाणपण केवळ मातीतल्या शेतीलाच लागते असे नव्हे.

‘स्टारड्यू व्हॅली’ नावाचा संगणकावरील एक खेळ आहे. एरिक बॅरोन याने चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने खपून तो रचला व २०१६ साली तो प्रसिद्ध झाला. खेळणाऱ्यास आजोबांचे पडीक शेत आणि ५०० नाणी मिळतात. पुढचे सारे कष्टाने मिळवायचे. खेळातला शेतकरी रात्री निजला, की तोपर्यंतचा सारा जमाखर्च एका फाईलमध्ये लिहिला जातो.

दोन भावंडांनी सबंध सुट्टीभर असे एक शेत फुलविले होते. गोठा बांधण्यास ६,००० नाणी हवी होती आणि धाकट्याला धीर निघेना. ताई घरी नसताना त्याने ती फाईल उघडली. आतला मजकूर साध्या अक्षरांत असल्याने पैशांचा आकडा सहज सापडला. परंतु प्रत्येक नोंदीच्या आरंभी व शेवटी कोनी कंसात एक खूण असते. आकडा वाढविताना त्यांतला एक कंस पुसला गेला आणि तेवढ्याने शेत उघडेनासे झाले.

ताई आली तेव्हा तो रडकुंडीला आला होता. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “अरे, निदान आधी प्रत तरी काढायचीस!” सुदैवाने खेळ स्वतःच आदल्या दिवसाच्या फाईली, नावापुढे ‘ओल्ड’ जोडून, शेजारी ठेवीत असतो. त्या दोन्ही फाईलींची नावे तिने पूर्ववत केली. एका दिवसाचे श्रम गेले, शेत वाचले.

“पण ही प्रत एकाच दिवसाची. चूक उशिरा कळली, तर तीही चुकीचीच असेल,” ताई म्हणाली. मग तिने त्याला रीत शिकविली. प्रथम खेळ पूर्ण बंद करावा. शेताचा सबंध फोल्डर अन्यत्र उतरून ठेवावा. एका वेळी एकच आकडा बदलावा, आणि शेत नीट उघडते हे पाहूनच पुढे जावे.

बदल करण्याचे धाडस त्यालाच शोभते, ज्याने परतीची वाट राखली आहे. धाकट्याने त्या फोल्डरची प्रत काढली आणि तिला नाव दिले, ‘बियाणे’.