आढीतला आंबा

उतावळेपणा हा माझा लहानपणापासूनचा दोष. देवगडजवळच्या आमच्या घरी वैशाखात आजी माळ्यावर भाताचा पेंढा पसरून आंब्यांची आढी घालायची. दुसऱ्या दिवसापासून मी शिडीशी हजर! "आजी, आज बघू?"

"सारखा हात लावू नकोस रे. वेळ झाली की वास येईल," ती म्हणे. मग माझी कीव येऊन एखादा पिकलेला आंबा ती हिरव्यांच्या मधोमध ठेवी. "हा आता बाकीच्यांना सांगेल हो!"

आंबा आंब्याला काय सांगणार? कॉलेजात शास्त्र शिकू लागल्यावर मी या बोलण्याला हसलो होतो. पुढे कळले, की आजीचेच खरे. 1934 साली इंग्लंडात गेन नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की पिकणारी सफरचंदे स्वतःच इथिलीन नावाचा वायू सोडतात. वनस्पतींचे हे एक संप्रेरक. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे मोजके भाग असले, तरी शेजारच्या फळाला निरोप पोचतो.

तो वाचला कसा जातो, ही मौज आणखीच निराळी. फळाच्या पेशीत झाडाची सारी जनुके असतात. बासनात बांधलेल्या पोथीसारखी. काही पहारेकरी तिची पिकण्याची पाने उघडू देत नाहीत. इथिलीन येऊन त्यांना चिकटला, की पहारा सुटतो. एरवी तयार होताच मोडले जाणारे एक प्रथिन मग टिकून राहते आणि झोपलेली जनुके जागी करते. त्यांतली काही गर मऊ करवतात, काही पिठाची साखर करवतात, तर काही आणखी इथिलीन बनवायला लावतात! म्हणून तर आढी एकदम घमघमते. वायू पोथीत नवे काही लिहीत नाही. असलेले पान तेवढे उघडतो.

पण पेशीही तयार हवी. एके वर्षी मी आजीच्या नकळत कोवळे आंबे उतरवून आढीत दडवले. शेजारी पिकला आंबा होता, निरोपही गेला असेल. पण ते सुरकुतले आणि आंबटच राहिले. आजी रागावली नाही. नुसती म्हणाली, "झाडावर राहिले असते, तर झाले असते रे."

एवढे कळूनही मी मुलाच्या बाबतीत तीच चूक केली. त्याची इच्छा नसताना त्याला इंजिनियरिंगला घातले. दोन वर्षे तो नापास झाला, आणि एका दिवाळीला घरी आलाच नाही. पाटावरचे त्याचे ताट तसेच राहिले. पुढे तो आपल्या वेळेने, आपल्या वाटेने उभा राहिला. आता येतो, हसतो, बोलतो. पण त्या दिवाळीविषयी आम्ही दोघेही बोलत नाही.

यंदा वैशाखात त्याचा मुलगा माझ्या आढीपाशी घुटमळत होता. "आजोबा, आज बघू?"

"वास येऊ दे," मी म्हणालो. मागे उभा असलेला मुलगा माझ्याकडे पाहत राहिला.