गरम हवेला वाट द्या!

दोस्तांनो, मे महिन्यात चकलांब्याला फिरायला कुणी जात नाही. लोक महाबळेश्वरला जातात, माथेरानला जातात. पण मी तुम्हाला भर उन्हात चकलांब्यालाच नेणार आहे. आपल्याला तिथे एक युक्ती शिकायची आहे आणि ती उन्हातच नीट कळते.

चकलांबा हे बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातलं गाव. बीडहून धुळ्याकडे जाणारा मोठा रस्ता धरला की गेवराई लागतं. तिथून आत वळून गाव गाठायचं. तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी आहे. जमीन काळी, पिकं कापसाची आणि उसाची. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. रिकाम्या रानातून वावटळ उठली की धूळ थेट घरात!

अशा दुपारी या भागात एखादं जुनं माळवद दिसलं, तर विचारून आत जा. माळवद म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर. भिंती चांगल्या जाडजूड. वर लाकडी तुळया आणि त्यांच्यावर मातीचा थर. आत पाऊल टाकलं की कसं गार वाटतं! बाहेरचं ऊन त्या जाड भिंतीतून आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते.

आता मान वर करा. छताला एक भोक दिसेल. त्याला सवणं म्हणतात. त्यातून उजेड येतो आणि चुलीचा धूर बाहेर जातो. धूर वरच का जातो बरं? तापलेली हवा फुगते, हलकी होते आणि वर चढते. ती सवण्यातून निघून गेली की तिच्या जागी दारातून नवी हवा येते. पंखा नाही, वीज नाही, तरी हवा चालती! आहे की नाही गंमत?

हे सवणं नीट लक्षात ठेवा. आपल्याला ते एका खोक्याला बसवायचं आहे.

व्हिडिओ गेमची उंच कपाटं तुम्ही पाहिली असतील. समोर पडदा, खाली दांडी आणि रंगीत बटणं. १९७८ साली जपानमध्ये ‘स्पेस इन्व्हेडर्स’ नावाचा खेळ आला आणि अशी कपाटं जगभर गाजली. हल्ली हौशी मंडळी घरीच असं कपाट करतात. प्लायवुड कापायचं, आत एक जुना संगणक ठेवायचा, बटणं जोडायची, की झालं! खेळ रंगात येतो. अर्ध्या तासाने चित्र अडखळू लागतं आणि मग एकदम पडदा काळा. थोड्या वेळाने संगणक पुन्हा सुरू होतो, जणू काही झालंच नाही.

असं झालं तर संगणकाला थपडा मारू नका. तो बहुधा तापलेला असतो. संगणक जी वीज घेतो, तिची जवळजवळ सगळी उष्णताच होते. तो १०० वॅट वीज घेत असेल, तर १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब बंद खोक्यात पेटता ठेवण्यासारखंच आहे ते. संगणकाला स्वतःचा पंखा असतो, पण तो गरम हवा फेकणार कुठे? कपाटातच. आणि पुन्हा तीच हवा आत ओढणार. गोधडीत तोंड खुपसून झोपून बघा, म्हणजे त्याचं दुःख कळेल. संगणकाचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, साधारण ९० ते १०० अंशांपर्यंत तापला की आपला वेग कमी करतो. तरीही भागलं नाही तर जळण्यापेक्षा बंद पडणं पत्करतो. पण रोज असंच तापत राहिलं तर आतले भाग लवकर म्हातारे होतात. एका घरात एकच जुना संगणक असेल आणि ताईचा अभ्यासही त्यावरच होत असेल, तर हे परवडणारं नाही.

मग कपाटाच्या भिंती माळवदासारख्या जाड करायच्या का? अजिबात नाही! माळवदाची भिंत बाहेरचं ऊन अडवते. कपाटात तर चूल आतच पेटलेली आहे. तिथे जाड भिंत उष्णतेला आणखी कोंडून ठेवील. म्हणून माळवदाची भिंत नको, त्याचं सवणं घ्यायचं.

कपाटाच्या मागच्या फळीला अगदी वर, चहाच्या बशीएवढं भोक पाडा. तिथे १२० मिलिमीटरचा, १२ व्होल्टवर चालणारा पंखा हवा बाहेर फेकेल असा बसवा. दुसरं भोक समोरून अगदी खाली, तेवढंच किंवा थोडं मोठं. दोन्ही भोकं जवळजवळ पाडली, तर हवा आल्या पावली परत जाईल आणि संगणक तसाच राहील. कपाट भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. हे काम मोठ्या माणसाला सोबत घेऊन आणि प्लग काढूनच करायचं. वीजपुरवठ्याचा बंद डबा तर कधीच उघडायचा नाही.

आपल्या मोठमोठ्या संस्थांनाही उष्णता चुकली नाही बरं का. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ नावाचा संगणक सुरू झाला. त्याचं पोलादी कपाट १८ फूट लांब आणि ८ फूट उंच होतं. आत सुमारे २,७०० निर्वात नळ्या, आणि प्रत्येक नळीत तापणारी तार! पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक आला. त्यातली उष्णता काढून नेण्यासाठी द्रव खेळवण्याची सोय केली आहे. ५९ वर्षांत यंत्रं पार बदलली, पण गरमी बाहेर काढण्याचं काम काही सुटलं नाही.

चकलांब्यासारख्या गावात आणखी तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली धूळ. कापसाच्या दिवसांत तिच्यात तंतूही मिसळतात. खालच्या भोकाला मच्छरदाणीचा तुकडा लावा आणि दर आठवड्याला धुऊन वाळवा. तो गच्च भरला तर भोक असून नसल्यासारखंच. दुसरी, वाळ्याचा कूलर कपाटाकडे तोंड करून ठेवू नका. ओल्या हवेने धूळ चिकटून बसते आणि धातू गंजतो. तिसरी म्हणजे वेळ. पंखा हवा बदलतो, थंड करत नाही. पत्र्याच्या खोलीत ४२ अंश असतील, तर कपाटात त्याहून कमी होणारच नाही. म्हणून उन्हाळ्यात शाळा सकाळची, तसा खेळही सकाळचाच ठेवा.

हवा खरंच चालते का, ते कसं ओळखायचं? पतंगाच्या कागदाची बोटभर पट्टी घ्या. खालच्या भोकाशी धरली तर ती आत ओढली जायला हवी, वरच्या भोकाशी बाहेर फडफडायला हवी. दोन्हीकडे गप्प राहिली, तर वाट कुठेतरी बंद आहे. ज्यांच्याकडे संगणक नाही, त्यांनी हाच प्रयोग स्वयंपाकघरात, चुलीपासून किंवा शेगडीपासून दूर, दाराच्या फटीशी आणि वरच्या झरोक्याशी करावा. पट्टी कुठे आत गेली, कुठे बाहेर, ते वहीत चित्र काढून बाणांनी दाखवा आणि आईला विचारा, चुलीचा किंवा फोडणीचा धूर तिच्या डोळ्यांत जातो का? जात असेल, तर पहिलं सवणं कुठे हवं ते तुम्हाला कळेलच!