चैत्रातली साद
(झाडीपट्टीची दैनंदिनी : भाग चौथा)

शनिवार, भंडारा

पवनीहून काल रात्री भंडाऱ्याला आले. वैनगंगेचा काठ मागच्या भागात संपला, आता पुढचे दिवस डोंगरात. तलावांचा जिल्हा म्हणून भंडाऱ्याची ओळख मोठी, त्यामुळे त्याच्या डोंगरांकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. उत्तरेला तुमसर तालुक्यात सातपुड्याच्या शेवटच्या सोंडा उतरतात. आंबागड, गायमुख, चांदपूर हा सगळा तोच भाग. पूर्वेला कोका, आणि त्याच्या पलीकडे नागझिऱ्याच्या टेकड्या. छाती दडपावी अशी उंची इथे नाही. पण साग, ऐन, धावडा, बिजा, तेंदू आणि बांबूचं रान आहे, आणि चैत्रात या रानाला कंठ फुटतो. तो ऐकायलाच मी आले आहे.

निमित्त माझ्या भाच्याचं. तो पेनसिल्व्हेनियात असतो. गेल्या वसंतात तो शेजाऱ्याबरोबर तिथल्या डोंगरात रानटर्कीच्या शिकारीला गेला होता. बंदूक शेजाऱ्याची, हा नुसता सोबतीला. अंधारात झाडाला पाठ लावून बसायचं, लाकडी डबीवर पट्टी घासून मादीचा आवाज काढायचा आणि समोरच्या उतारावरून नर उत्तर देतो का याची वाट पाहायची. तिथला नियम असा, की वसंतात पाखराचा माग काढत हिंडायचं नाही. साद घालायची, आला तरच नेम धरायचा. मारायचा तोही छातीवर केसांचा झुपका असलेला, म्हणजे बहुतेक वेळा नरच. माद्या त्या सुमाराला अंड्यांवर असतात. हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यात दुपारी बारा वाजले की बंदूक खाली. हे सगळं सांगून त्याने विचारलं, "मावशी, आपल्याकडे असं काही होतं का गं?"

होतं. आणि ते जाणणारी माणसं अजून आहेत, म्हणून ही वाट धरली.

रविवार, कोका

कोका अभयारण्य २०१३ चं. विस्तार शंभर चौरस किलोमीटरच्या आसपास. त्याच वर्षी डिसेंबरात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला, त्यात कोकाही आहे. जुन्या भंडारा जिल्ह्यात नागझिरा आणि नवेगावबांध दोन्ही होते. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाला आणि ते तिकडे गेले. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला होते, तेव्हा ते भंडारा जिल्ह्यातच मोडत असे. माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या रानजाणत्या माणसाची संगत त्यांना तिथे लाभली. ती लाभली नसती तर त्यांचा 'पक्षीकोश' इतका भरला नसता, असं मला मनापासून वाटतं. ग्रंथांइतकंच माणसांकडून शिकणारे अभ्यासक आपल्याकडे थोडेच झाले.

सकाळच्या फेरीत बांबूच्या बेटापाशी राखी रानकोंबडा दिसला. जिप्सी थांबली तेव्हा तो पाचोळा उकरत होता. आधी दोन पावलं मागे, मग मान ताठ. उन्हाची तिरीप नेमकी मानेवर आली आणि ती पिसं दिसली: काळपट पात्यावर पांढरे ठिपके, आणि टोकाशी पिवळ्या मेणाचा थेंब गोठावा तसा चकचकीत तुकडा. या मानेच्या पिसांपायी हा पक्षी पिढ्यान्‌पिढ्या मारला गेला. इंग्लंड-स्कॉटलंडात सामन मासा गळाला लावायला जी पिसांची खोटी माशी बांधतात, तिच्या गालावर हेच पीस लागायचं, आणि त्यासाठी हिंदुस्थानातून कातडी जात. मांसाला गिऱ्हाईक गावात असतं, पिसाला सातासमुद्रापलीकडेही मिळतं; कोणत्याही पाखराला दुसरं गिऱ्हाईक जास्त महागात पडतं.

आपल्या घरच्या कोंबडीचा मूळ पुरुष तो लाल रानकोंबडा, हा नव्हे. लाल्याचा मुलूख सालवृक्षाच्या रानांचा, उत्तरेचा आणि पूर्वेचा. राखीचा मुलूख पश्चिमेचा आणि दक्षिणेचा. मध्य भारतात दोघांच्या शिवा एकमेकींना भिडतात.

सोमवार, कोक्याजवळचं एक गाव

गावाचं नाव देत नाही. ज्यांच्याकडे उतरले त्यांना सगळे बाबाजी म्हणतात, मीही तेच म्हणते. वय सत्तरीच्या पुढे. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा ते ऐन विशीत होते, आणि तितर धरण्यात पंचक्रोशीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. ही विद्या त्यांनी फासेपारध्यांच्या एका पालावर राहून उचलली. कायदा आल्यावरही काही वर्षं चोरून चालू होतं, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. मग सोडलं, ते कायमचं.

पहाटे आम्ही अभयारण्याच्या हद्दीबाहेर, गावच्या गायरानाला लागून असलेल्या झुडपात गेलो. आत पायी जायला परवानगी नाही आणि तशी गरजही नव्हती. तितराला दाट रानापेक्षा बोरी-बाभळीची झुडपं आणि शेताचे बांधच आवडतात. काळोख अजून पुरता फिटला नव्हता.

"ताई, आता बोलू नोका," बाबाजी म्हणाले. "हात बी हालवू नोका. तो आवाज आयकते, पन आधी पायते."

बांधाच्या पलीकडून पहिली हाक आली, क-ती-तर, क-ती-तर. चढत्या सुराची, घाईची. लगेच डावीकडून दुसरी. बाबाजींनी डोळे मिटले. थोड्या वेळाने बोटाने दाखवलं: हा म्हातारा नर, त्या बोरीखालचा, तो कोवळा, त्याला अजून जागा मिळालेली नाही, आणि मधूनच बारीक सुरात बोलते ती मादी. मला तिन्ही हाका एकच वाटत होत्या. मग त्यांनी ओठांवर तळवा आडवा धरून एकदाच हाक दिली. बोरीखालचा म्हातारा गप्प झाला. दोन-तीन मिनिटं काहीच नाही. नंतर गवत हललं, आणि तो धावत आला. उडत नाही, धावतच येतो. मान लांब, पंख अंगाला घट्ट चिकटवलेले, पायावरची आर दिसेल इतका जवळ. मोकळ्या जागेत थांबून त्याने छाती काढली आणि आमच्या झुडपाच्या तोंडावर हाकेमागून हाक घातली. त्याच्या हद्दीत कोण शिरलंय ते त्याला बघायचं होतं.

बाबाजींनी दुसरी हाक दिली नाही. "याच्यापुढं त्याले तरास देऊ नये," एवढंच म्हणाले. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवत रानोमाळ हिंडणाऱ्या हौशी फोटोवाल्यांना हे वाक्य शिकवायला हवं. विणीच्या दिवसांत खोट्या प्रतिस्पर्ध्यामागे धावणाऱ्या नराची सकाळ वाया जाते, आणि तेवढा वेळ मादी-अंडी उघड्यावर पडतात.

परतताना जुनी रीत सांगितली. पाळलेला तितर पिंजऱ्यात घालून झुडपात ठेवायचा. भोवती घोड्याच्या शेपटीच्या केसांचे फासे, खुंट्यांना बांधून, गवतात लपवून. पाळीव पाखरू हाक घालतं, हद्दीचा नर भांडायला येतो आणि पाय अडकतो.

"नर आला तं नर. पन मादीबी येते ना मागंमागं. फासा काही इचारत नाही."

भाच्याच्या शिकारीत आणि इथल्या फासेबाजीत फरक पडतो तो इथेच. साद दोन्हीकडे आहे, वसंत दोन्हीकडे आहे, पहाटेचं बसणंही तेच. पण तिकडे माणूस झुपका पाहून बोट आवरू शकतो. फाशाला डोळे नाहीत. चैत्र-वैशाखात तितराची मादी सहा ते आठ अंडी घालते, रानकोंबडी चार ते सात. रानकोंबडी वीस-एकवीस दिवस एकटीच उबवते, कोंबडा बसत नाही. चाऱ्याला उतरलेली ती मादी अडकली, की त्या वर्षीची वीण गेली.

"मादी पडली का घरच पडलं," बाबाजी म्हणाले.

फासेपारध्यांबद्दल इथे दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कागदावरून पुसला. माणसांच्या मनातून तो अजून गेलेला नाही. या लोकांचे कान म्हणजे पाखरांच्या मोजणीचं तयार साधन आहे. वाशिम-अकोल्याकडे 'संवेदना' या संस्थेने फासेपारध्यांबरोबर माळरानं राखण्याचं काम उभं केलं, ते याच जाणिवेतून. भंडाऱ्यातही असं काम व्हावं, वन खात्याने बाबाजींसारख्यांना मानधन देऊन पाखरांच्या गणतीला सोबत घ्यावं, असं मला फार वाटतं. ही माणसं आणखी किती वर्षं आहेत?

मंगळवार, त्याच गावात

आज बाबाजींच्या सूनबाईंबरोबर मोहफुलं वेचायला गेले. अजून उजाडायचं होतं. झाडाखाली पोचलो तेव्हा फुलं टपटप पडत होती, आणि आमच्या आधी मोर येऊन गेला होता. मातीत त्याची पावलं ताजी होती. मोहाच्या फुलाला हरणं, अस्वल, रानकोंबड्या, मोर सगळेच टपलेले असतात. माणसाची टोपली सगळ्यांत शेवटी पोचते.

सूनबाईंनी झाडाखालची जागा खराट्याने झाडून घेतलेली होती. बऱ्याच ठिकाणी मात्र पाचोळा पेटवून देतात. फूल स्वच्छ जमिनीवर पडावं, वेचायला सोपं जावं, एवढाच हेतू. वारा फिरला की ती आग उतारावर चढते. मोहाचा हंगाम, तेंदूपानाचा हंगाम आणि वन खात्याचा आगीचा हंगाम एकमेकांत गुंतलेले आहेत. खात्याच्या हिशेबात १५ फेब्रुवारी ते १५ जून. जाळरेषा काढतात, वनरक्षक आणि हंगामी मजूर रात्री-अपरात्री धावतात. पण आग लागल्यावर धावणं आणि ती न लागू देणं यात मोठं अंतर आहे.

हे इतकं का लिहिते आहे? दुपारी बाबाजींनी मला गेल्या आठवड्यात जळालेला एक उतार दाखवला. बांबूच्या बुंध्याशी, दगडाच्या आडोशाला, चकोत्रीचं घरटं होतं. चकोत्री म्हणजे तितराहून थोडी मोठी, तांबूस, लाजरी रानपाखरी. नराच्या एकेका पायाला दोन-दोन आऱ्या असतात. घरटं कसलं, जमिनीतला खळगा आणि त्यात चार पानं. त्यात तीन अंडी, फिकट बदामी रंगाची असणार, आता काळवंडलेली. एक तडकलेलं. बाबाजींनी हात लावला नाही, मीही नाही. मोर, रानकोंबडी, तितर, लावा, चकोत्री ही सगळी घराणी जमिनीवर अंडी घालतात. फाशाने एक मादी जाते. आगीने उतारभर घरटी जातात, आणि कुणावर खटलाही भरला जात नाही.

रात्री जेवताना लाखोळीची डाळ आणि भात. सूनबाईंना विचारलं, खराटाच का? त्या म्हणाल्या, सासऱ्यांनी घरात काडी लावायला बंदी केली आहे. झाडायला वेळ जास्त लागतो, फुलं तेवढीच मिळतात. मोहाखाली जाळी अंथरूनही फुलं वेचता येतात. त्या जाळ्या गावोगाव पोचल्या तर चैत्रातली निम्मी आग लागणारच नाही, असा माझा अंदाज आहे.

बुधवार, तुमसर आणि आंबागड

दिवस बराचसा गाडीत गेला. डोंगरी बुजुर्ग, चिखला या मॅंगनीजच्या खाणींच्या बाजूने आंबागडला आले. किल्ला देवगडच्या बख्त बुलंद शहाच्या काळातला, १७०० च्या आसपासचा. पुढे भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. तटावरून खाली पळस दिसतो, पण बहर ओसरला होता. तिन्हीसांजेला दोन बाजूंनी मोर ओरडले.

मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी. त्याच्या शिकारीला ३ ते ७ वर्षांची कैद आहे. तरी तो विष लावलेल्या बियाण्याने मरतो आणि रानडुकरांसाठी कुंपणात सोडलेल्या विजेच्या तारेने मरतो. हे करणारा शेतकरी शिकारी नव्हे. डुकराने धान लोळवलं की त्याचं वर्ष जातं. नुकसानभरपाई वेळेवर हातात पडली तर तारेत वीज सोडायची वेळ त्याच्यावर येणार नाही.

रात्री भाच्याशी बोलणं झालं. त्याच्याकडची पुढची गोष्ट त्याने सांगितली, ती इथे नोंदवते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रानटर्की अमेरिकेत जवळजवळ संपत आली होती. १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला, उरलेले पक्षी जाळ्यांनी धरून रिकाम्या डोंगरांत नेऊन सोडले, आणि आज त्यांची संख्या ६० लाखांच्या आसपास आहे. शिकाऱ्याने शिकारीची किंमत मोजली म्हणून हे झालं. आपल्याकडे तो मार्ग नको, असं माझं ठाम मत आहे. आपली रानं तुटक आहेत, माणसं दाट आहेत, आणि फासा नर-मादी पाहत नाही. पण एक गोष्ट तिथून घ्यावीच: पाखराची साद ज्याला कळते, त्याच्यावरच पाखराची जबाबदारी टाकायची.

गुरुवार, साकोली

परतीच्या वाटेवर मुंबई-कोलकाता महामार्गावरच्या एका ढाब्यावर थांबले. पोऱ्याने पाणी ठेवता ठेवता हळू आवाजात विचारलं, "मॅडम, तितर पाहिजे का? आजचाच आहे." पलीकडच्या टेबलावर ते ताट आलेलंही होतं. मी न जेवता उठले आणि बाहेर येऊन १९२६ ला फोन लावला.

१९२६ हा महाराष्ट्र वन विभागाचा 'हॅलो फॉरेस्ट' क्रमांक. वाचकांनी तो आजच मोबाइलमध्ये साठवून ठेवावा. फासा दिसला, रानात धूर दिसला, ढाब्यावर तितर-लाव्याचं ताट दिसलं, की लगेच कळवा. आणि हवंय का म्हणून तुम्हाला विचारलं, तर नाही म्हणा, मोठ्याने म्हणा, शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल असं म्हणा.