न लिहिलेले स्वर

मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून हजेरीपत्रके, ग्रँटचे तक्ते, खात्याचे हुकूम आणि पालकांचे अर्ज यांचा मी यथाशक्ती निकाल लावीत आलो. परंतु निवृत्तीनंतरही ज्या एका प्रश्नाने माझी पाठ सोडली नाही, तो कोणत्याच दफ्तरात दाखल नव्हता. मराठी शाळेत बाराखडी घोटलेल्या, आमच्या बेने इस्रायल या ज्यू समाजातील मुलाला, सेफेर तोराच्या, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाच्या हस्तलिखित गुंडाळीच्या, चर्मपत्रावर जे लिहिलेलेच नाही ते वाचायला कसे शिकवावे?

छापील पुस्तकात हिब्रूच्या बावीस व्यंजनांना नेकुदोथांची, म्हणजे स्वरचिन्हांची, सोबत असते; सेफेरात ती नसते. तेराव्या वर्षी बार मित्स्वा या सज्ञानतेच्या विधीसाठी तेब्यावर, म्हणजे वाचनाच्या चौथऱ्यावर, चढणारा मुलगा तयार होतो पुस्तकावर आणि परीक्षा देतो बिनस्वरांच्या मजकुराची. देवनागरीने काना, मात्रा, वेलांटी सारे त्याच्या हाती दिलेले. लिहिले असेल तेच उच्चारावे, हे आम्हीच छडी दाखवून त्याच्या मनावर बिंबवलेले. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, ही आज्ञाच घ्या. तिच्यात दुधाची जी तीन अक्षरे, तीच चरबीचीही. भेद केवळ स्वरांचा. ज्या आज्ञेपायी आमच्या घरोघरी मटण नारळाच्या रसात शिजते, ती अडखळत्या जिभेवर भलतीच होऊन बसते. आणि चुकलेल्या वाचकाला श्रोत्यांनी तिथल्या तिथे थांबवून दुरुस्त करावे असा मशिदीचा, म्हणजे आमच्या सिनेगॉगचा, दंडक असल्यामुळे, मुलापेक्षा मास्तरांचीच फजिती अधिक होते.

यावर इतरांनी काढलेली तोड मला कधीच मानवली नाही. प्रार्थना चालवणारे एक हज्जान अख्खा पाराशा, म्हणजे त्या आठवड्याचा तोराचा भाग, पाठ करवून घेत. मुलाच्या हातातील दर्शक काठी ओळीवरून फिरे आणि नजर झुंबरावर असे. दुसरे कोणी देवनागरीत उतरवलेल्या हिब्रू प्रार्थना वाटीत आणि धर्मशिक्षण केल्याचे समाधान मिळवीत. डेव्हिड ससून यांच्या शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळून जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनांचे मराठी भाषांतर केले, ते अर्थ कळावा म्हणून, अक्षरओळख टाळता यावी म्हणून नव्हे. आणि हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ साली मुंबईत इस्रायली मुलांसाठी शाळा काढली, तीही पोरांनी ऐकून बोलावे एवढ्यासाठी खचित नव्हे.

माझी तोड मोडीतून आली. माझे आजोबा मामलेदार कचेरीत कारकून होते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा विवेक नाही, शब्दाशब्दांत अंतर नाही, तरीही कर्जरोख्यापासून महजरापर्यंत कोणताही कागद ते झरझर वाचीत; कारण मजकुराचा विषय आणि त्याची वहिवाट त्यांना अक्षरांच्या आधी ठाऊक असे. तद्वत् मुलाने पाराशातील कथा प्रथम मराठीत सांगावी, मग पुस्तक वाचावे, आणि अखेरीस नेकुदोथ झाकून त्याच ओळी पुन्हा वाचाव्यात, असा क्रम मी बांधला. हुशारांना तो साधला. शब्बाथच्या सकाळी त्यांपैकी एखादा न अडखळता पार पडला, की मी मान खाली घालून बसे. विनयाने नव्हे, तर मशिदीचे मुकादम आणि मंडळी माझ्याकडे पाहत आहेत की नाहीत, हे तिरप्या नजरेने न्याहाळता यावे म्हणून.

आता ती मुले इस्रायलात लोद, बीरशेबा, दिमोना येथे पांगली आहेत. ज्याच्यापुढे माझ्या साऱ्या युक्त्यांनी हात टेकले होते, अशा एकाचे दिमोनाहून नुकतेच पत्र आले. बसवरच्या पाट्या, पगाराची चिठ्ठी, वर्तमानपत्र, सारे तो नेकुदोथांवाचून वाचतो. आणि मास्तर, यात एवढे अवघड ते काय होते, असे त्याने अगदी निरागसपणे विचारले आहे. वहिवाटीने वाचता येते, हा माझा सिद्धान्त त्याने सिद्ध केला होता; मला आनंद व्हायला हवा होता, पण वाटला तो मत्सर, आणि तोही बसच्या पाटीचा.

पत्र मराठीत होते. काने गळलेले, वेलांट्या हरवलेल्या, अनुस्वार तर औषधालाही नाही. तरी मी ते एका दमात वाचले, एकाही शब्दाशी थांबलो नाही. मग तांबडी शाई काढली, एकूण एक चुका दुरुस्त केल्या आणि उत्तरासोबत त्याचे पत्र त्याला परत पाठवले.