माप घेतल्याशिवाय कात्री नाही

विद्यानगरला आमच्या घरासमोर जागा बेताचीच, पण मामंजींची प्रीमियर पद्मिनी तिथून हलली नाही. मी सोलापूरची. आमच्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, त्यामुळे माहेरी या गाडीचं कौतुक घरच्या लेकीसारखं. इंजिन 1089 सीसीचं, चार सिलिंडरचं. मामंजींना शेवटचं दवाखान्यात नेलं तेही हिच्यातूनच.

गेल्या दिवाळीपासून ती निळा धूर सोडू लागली. मेकॅनिक म्हणाला, "फुल इंजिन काम. बोअर करा, क्रँक ग्राइंड करा." यांनी मान डोलावलीसुद्धा. मला मात्र खटकत होतं. मी सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालते, तिथून सगळं दिसतं. धूर यायचा तो गाडी सुरू करताना, एकदाच भसकन. पुढे चालताना नाही. हे बोलले, तर दोघेही हसले. बाईला इंजिनातलं काय कळणार!

शेवटी इंजिन उघडून राणीगंजच्या एका लेथवाल्या चाचांकडे नेलं. मी हट्टानं सोबत गेले. त्यांनी पहिलं विचारलं, "धुआँ कब कब आता अम्मा?" मी सांगितलं. ते हसले नाहीत.

त्यांनी प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली आणि आडवा-उभा मोजला. सिलिंडर वरच्या बाजूला जास्त झिजतो, गोलाचा लंबगोल होतो, म्हणून. झीज मर्यादेत निघाली. पिस्टनच्या डोक्यावर ओव्हरसाइजचा आकडा होता, म्हणजे मामंजींच्या काळात एकदा बोअर झालेलं. दर वेळी भिंत पातळ होते आणि मोठा पिस्टन लागतो. एक दिवस तेवढा मोठा पिस्टनच मिळत नाही, मग ब्लॉक भंगारात.

मग त्यांनी व्हॉल्व्ह हलवून दाखवला. गाइडमध्ये खुळखुळत होता. रात्रभर तिथून ऑइल खाली झिरपायचं आणि सकाळी जळायचं. हेडवर सरळ पट्टी ठेवली, तर मध्ये फट. तापून वाकलेलं. क्रँकवर चरे नव्हते, मापही बरोबर.

मी म्हटलं, "बोअर करूनच टाकलं तर?" चाचा म्हणाले, "नापे बगैर कैसा काटते? निकला सो लोहा वापस नहीं आता."

ब्लाऊजपीसवर आपण तरी कुठे माप घेतल्याशिवाय कात्री चालवतो? पर्युषणात दरवर्षी ऐकतो, लागेल तेवढंच घ्यावं. लोखंडालाही ते लागू आहे, हे मला त्या दुकानात कळलं.

शेवटी ठरलं ते असं: हेड फेसिंग, नवे गाइड, व्हॉल्व्ह सीट कापणं, सिलिंडरला फक्त होनिंग, नव्या रिंगा, क्रँकला नुसतं पॉलिश. बोअर आणि ग्राइंडिंग यांनी स्वतःच्या हातानं यादीतून खोडलं.

आता रोज सकाळी गाडी सुरू केली की हे गच्चीकडे मान वर करून विचारतात, "अगं, धूर दिसला का?"